नऊ नंबरचं खातं

वाल्दिव्हियात जुलै म्हणजे ऐन थंडी.
होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याच्या गाळ्यावर आमची खोली.
लाकडाची शेगडी, दोन खुर्च्या, भाड्याचा सर्व्हर,
आणि खिडकीखाली, मासळीबाजाराच्या धक्क्यावर,
माणसांसारखे खाकरणारे समुद्रसिंह.
रात्री अकरा चाळीसला
यास्नाने बटण दाबलं.
काहीच झालं नाही.
म्हणजे, सगळं नीट झालं.

नाव ठेवलं होतं लिब्रेता. वही.
माझ्या बापाची होती एक, ओसोर्नोच्या दुकानात,
तेलकट, सुतळीने बांधलेली.
कोणी किती साखर नेली, कोणाचं किती येणं.
मेलेल्याचं पान तो फाडत नसे,
दुमडून ठेवायचा.
आमची वही उलटी,
हिच्यात माणसाने स्वतःकडचंच येणं मांडायचं.
झोप, पाणी, सिगारेटी, आईला केलेले फोन,
मोजावंसं वाटेल ते मोजा,
आम्ही बघणार नाही.
ही शेवटची ओळ यास्नाची.
मी नुसती टाइप केली.

पहिल्या आठवड्यात अकरा खाती.
एक तिच्या आईचं.
दोन माझीच, पहिल्याचा पासवर्ड विसरलो म्हणून.
खालच्या एलिओदोरोने दिवसाच्या शिव्या मोजायला घेतल्या
आणि दुपारपर्यंत हात टेकले.

आणि नऊ नंबर.

दोष शोधताना आकडे दिसतातच,
असं मी स्वतःला सांगितलं.
रकान्याला नाव नाही, नुसतं एक टिंब.
चार. दोन. शून्य. शून्य. सात. शून्य.
रोज रात्री नऊच्या सुमारास, एकही खाडा नाही.
गोळ्या असतील, मी म्हणालो.
पेले, यास्ना म्हणाली.
मग माझ्याकडे वळून :
तू बघितलंस?
ओलं लाकूड शेगडीत बराच वेळ सूं सूं करत राहिलं.

ऑगस्टात सर्व्हर आडवा झाला. तीन दिवस.
तोवर खाती झाली होती एकवीस.
एकवीस माफीपत्रं धाडली.
दोघं चिडले. बाकीच्यांना
वही बंद होती याचा पत्ताच नव्हता.
एक उत्तर आलं खाडीपलीकडून, कोर्रालहून :

‘काळजी नको. कागदावर ठेवलंय.
शून्य, तीन, शून्य.
पण तुमचं पत्र मोठ्याने वाचलं,
स्वयंपाकघरात, उभ्याउभ्याच.
त्यामुळे आजचे बोललेले शब्द त्रेपन्न.
वाचलेले धरतात का?
मला ठरवता येईना.’

आम्ही त्यावर भांडलो, पहाटे तीनपर्यंत.
मी म्हणालो, नियम ज्याचा त्याचा, आपण कोण.
यास्ना म्हणाली, विचारलंय ना पण, आपल्याला विचारलंय.
तिला मोठं पत्र लिहायचं होतं,
वाचायला वेळ लागेल असं.
तीन मसुदे झाले, तिन्ही पुसले.
शेवटी एकच शब्द पाठवला :
धरा.

दुसऱ्या दिवशी तिने कुलूप बसवलं.
प्रत्येक खात्याची किल्ली ज्याची त्याच्याकडे,
आमच्याकडे नाही, हरवली तर हरवली.
आठ दिवस गेले त्या कामात,
आणि गुंतवणूकवाल्या साहेबांचा एक फोनही गेला,
त्यांना आकडे बघायचे होते.
आता नऊ नंबरचं काय चाललंय
मला खरंच माहीत नाही.
वर्गणी येते, दर महिन्याच्या पाच तारखेला.
वर्गणीवरून काही कळत नाही.

ऑक्टोबरात कामासाठी निघालो,
निएब्लाहून कोर्रालला, फेरीबोटीने.
धुकं. बाकावर लोकरी टोपीतली एक बाई,
मांडीवर बटाट्यांची पिशवी.
पलीकडे एक म्हातारा, एक गणवेशातला पोरगा,
तिघंही गप्प.
‘बसा, ओलं आहे जरा,’ बाई म्हणाली.
चार.
मोजले गेले, मी मोजले नाहीत.
मग इंजिनाची घरघर, आणि कोणीच काही नाही.
अर्धी खाडी ओलांडली असेल.
घड्याळ माझ्या मनगटावर होतं.
बाहीच्या आत सरकवलं
आणि त्या तिघांकडे बघून विचारलं,
वाजले किती?